तेरा पाट्यांची आवक

॥ श्री ॥

वर्धा,
ता. १० जानेवारी १९५५

चि. सुमतीस नरहरचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे संक्रांतीचे पत्र अजून आले नाही म्हणून तुझी वहिनी विमला रुसून बसली आहे. मी मात्र आज सणासाठी लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तहसिलीतल्या साऱ्या चौथ्या वर्गांची एकाच दिवशी छापील परीक्षा घेतली होती ना, तिचा निकाल आमच्या कचेरीत तयार झाला. यादी मीच लिहिली. एकूण एकेचाळीस शाळा आहेत आणि तुझी टेंभरडोहची एकेचाळिसावी. शंभरपैकी सरासरी एकोणतीस. तुझ्या शाळेचे नाव लिहिताना टाक दोनदा दौतीत बुडवावा लागला, यावरून काय ते समज.

डेप्युटी साहेबांचा विचार असा, की ज्या शाळा तेहतिसाच्या खाली आहेत त्यांची चौथी बंद करावी आणि मुले जवळच्या मोठ्या शाळेत घालावीत. तुमची मुले अल्लीपूरला जातील. पंधरा फेब्रुवारीला हुकूम निघेल. मनाला लावून घेऊ नकोस. चौथी गेली की तिथे तू जादा ठरशील, आणि सिंदी मेघेच्या शाळेत एक जागा रिकामी होते आहे. अर्ज ताबडतोब पाठव. घरच्या चुलीवरचे दोन घास खाशील.

तू माझी बहीण हे साहेबांना माहीत आहे, म्हणून या बाबतीत मला कचेरीत तोंड उघडता येणार नाही. हेही समजून घे. प्रकृतीस जप, आणि मोठ्या भावाचे एकदा तरी ऐक.

तुझा
नरहर


॥ श्री ॥

मौजे टेंभरडोह,
ता. १५ जानेवारी १९५५

ती. दादाच्या सेवेशी सुमतीचे कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र काल पोचले. सोबत तिळगूळ पाठवते आहे. गोड बोलायचे मात्र मला यंदा जमणार नाही, ते वहिनींकडून भागवून घे.

अर्ज मी करणार नाही. सिंदी मेघेच्या जागेवर तू आपली धाकटी मेव्हणी बसव, तिला चूलही जवळ पडेल.

अल्लीपूर इथून तीन कोस आहे आणि मध्ये नाला आहे. हुकूम निघाला तर आठ मुलगे कदाचित जातील, कदाचित गुरांमागे लागतील. पाच मुली घरी बसतील, यात मात्र 'कदाचित' नाही. सगळ्यांत आधी जिजा बसेल. जंगू कोलामाची ही मुलगी घरी कोलामी बोलते, शाळेत मराठी वाचते आणि तोंडी हिशेबात मला मागे टाकते. तिच्या आईबापांपैकी कोणी शाळेची पायरी चढलेले नाही. जंगूला काय सांगू? तुमच्या मुलीला काही येत नाही, असे वर्ध्याच्या कागदात लिहिले आहे म्हणून?

आणि एकोणतीस म्हणजे काय रे दादा? वैद्याने नाडी धरावी आणि ताप आहे एवढेच सांगून उठावे, तसे झाले हे. दुखते कुठे ते सांग. मुलांना वाचता आले नाही, की लिहिता, की गणित? यादी तू लिहिलीस, म्हणजे उत्तरांचे कागद तुझ्याच कपाटात असणार. बाहेर काढ आणि एकेक बघ. तोंड उघडता येत नाही म्हणतोस, डोळे तर उघडशील.

पाया पडते, पण मान ताठ ठेवून.

तुझी
सुमती


॥ श्री ॥

वर्धा,
ता. २१ जानेवारी १९५५

चि. सुमतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ पोचला. विमलाने तो मला न देता शेजारी वाटला, कारण मी तुला तसले पत्र लिहिले हे तिला कळले.

तू सांगितलेस म्हणून काल सगळे घरी गेल्यावर तुझ्या शाळेचे तेरा कागद काढले. बघितले नसते तर बरे झाले असते. पुढच्या बाजूला वाचन आणि शुद्धलेखन, पन्नास गुणांचे. तिथे तुमच्या मुलांना सरासरी एकोणतीस आहेत. नुसती तेवढी बाजू धरली तर तुझी शाळा पहिल्या दहांत येते. मागच्या बाजूला दहा गणिते, तीही पन्नास गुणांची. ती बाजू कोरी आहे. एकाची नाही, तेराही मुलांची. पेन्सिलीचा एक ठिपका नाही. म्हणजे तुमचे एकोणतीस हे अर्ध्या परीक्षेचे आहेत, उरलेली अर्धी शून्य.

चुकीची उत्तरे असती तर मी म्हटले असते मुले गोंधळली. पण कोणी हातच लावलेला नाही. सुमती, रागावू नकोस आणि खरे सांग. तू यंदा गणित शिकवलेस का? का टकळीवर सूत कातण्यातच सगळा वेळ गेला? काही असले तरी तू माझी बहीण आहेस, एवढे विसरू नकोस.

तुझा
नरहर


॥ श्री ॥

टेंभरडोह,
ता. २७ जानेवारी १९५५

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी भूकही लागली आणि रागही आला, आणि दोन्ही अजून आहेत.

काल झेंडावंदन झाल्यावर चौथीच्या मुलांना थांबवून घेतले. जिजाला विचारले, मागची गणिते का सोडलीस. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी विसरले आहे. मग म्हणाली, "सोडली कुठी बाई? सारी केली. मास्तरले पाटी दाखवली, त्यायनं मान हालवली, मंग पुसली."

बाकीच्या बारांनीही तेच सांगितले. उत्तरेसुद्धा सांगितली, कोणी किती आणली ते. नऊ-दहा जणांना अजून तोंडपाठ आहेत.

आता तुला समजावून सांगते. आमच्याकडे वर्षाचे सगळे गणित पाटीवर होते. मूल गणित करते, पाटी वर धरते, मी बघते, मान हलवते. मग ते पाटी पुसते आणि पुढचे घेते. बाईने बघितल्याशिवाय पुसायचे नाही आणि बघितल्यावर ठेवायचे नाही, हा नियम चार वर्षे मीच त्यांच्या हाडीमासी खिळवला. परीक्षेला परगावचे लक्ष्मणराव मास्तर आले होते, मला त्या दिवशी वर्गात थांबायची मनाई होती. छापील कागदावर लिहिले आहे, गणिते पाटीवर सोडवावीत व उत्तर कागदावर उतरवावे. मास्तरांनी ते सुरुवातीला एकदा वाचून दाखवले. शुद्धलेखन कागदावर उतरवून झाले, पाट्या हातात आल्या, आणि मुले आपल्या सवयीला लागली. तेरा पाट्या वर गेल्या. मास्तर फेऱ्या मारत होते, पाटी दिसली की मान हलवत होते. माणूस भला असावा, त्यांना वाटले असेल, मुले पाटी उचलून नमस्कार करताहेत. मुलांना वाटले आपले गणित सरकारने बघितले.

चूक माझी आहे, मुलांची नाही. ती साहेबांना सांग. माझ्या नावाने शेरा मारायचा तर मारू देत, पण चौथीला हात लावू नका. सूतही आम्ही कातले आणि गणितही केले, हेही जाता जाता सांग.

वहिनींना नमस्कार. तुला काय द्यावे ते उत्तर आल्यावर ठरवीन.

सुमती


॥ श्री ॥

वर्धा,
ता. १ फेब्रुवारी १९५५

प्रिय वन्संस विमलाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र मी लिहिल्याचे तुमच्या दादांना सांगू नका. ते दोन दिवस घरात नुसत्या येरझारा घालतात. काल भाजीत मीठ नव्हते तेही त्यांना कळले नाही.

साहेबांपाशी त्यांनी एकदा विषय काढला. तेवढेच त्यांच्या स्वभावाला फार झाले. साहेब म्हणाले, कोऱ्या कागदाला मी गुण कुठून देऊ? पुसलेल्या पाटीची फाइल होत नाही. आणि तीच गणिते पुन्हा घालायची म्हटली, तर आता कोणीही घोकून घेईल.

मला कचेरीतले काही कळत नाही, पण घरातले कळते. तुमचे दादा तोंडी सांगितलेले टाळतात, पत्र आले तर खणात ठेवतात. खणात मावणार नाही असे काहीतरी पाठवा. पुसलेल्या पाटीची फाइल होत नाही ना? मग न पुसलेली पाठवा.

लाडू करून ठेवले आहेत, पण लढाई जिंकून आलात तरच मिळतील.

तुमची वहिनी
विमला


॥ श्री ॥

टेंभरडोह,
ता. ७ फेब्रुवारी १९५५

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र घेऊन येणारे गृहस्थ म्हणजे जिजाचे वडील जंगू. त्यांच्या डोक्यावरच्या गाठोड्यात तेरा पाट्या आहेत. त्यांना आधी पाणी विचार, मग पुढचे वाच.

गणिते मी काढलेली नाहीत. अल्लीपूरचे पोस्टमास्तर मधुकरराव यांना मी विनंती केली. त्यांनी छापील कागदावरच्या नमुन्याची दहा नवी गणिते काढून लाख लावून पाकीट दिले. सगळी टपालाच्या थैल्यांची आणि पार्सलांच्या वजनांची आहेत, माणूस दुसरे काय काढणार! शनिवारी ते स्वतः इथे आले. गावासमोर पाकीट फोडले. आमच्या हरिभाऊ गुरुजींना आणि मला, दोघांनाही त्यांनी निंबाखाली बसवले आणि मुलांकडे पाठ करायला लावली. गणिते झाल्यावर प्रत्येक पाटीच्या लाकडी चौकटीवर त्यांनी मुलाचे नाव, तारीख आणि आपली सही घातली. चौकटीमुळे पाटीला पाटी घासत नाही, तरी सांभाळून उचला.

मुलांना पाटी न पुसता हातातून सोडणे फार जड गेले. एकाचा हात तर सवयीने तोंडाकडे गेलाच होता, थुंकी लावायला. जिजाने त्याचे मनगट धरले.

या क्षणी आमच्या चौथीकडे एकही पाटी नाही. मुले धुळीत बोटाने लिहिताहेत. हुकूम पंधराला निघायचा आहे, म्हणजे तुझ्या हातात आठ दिवस आहेत. दादा, लहानपणी तू मला विहिरीच्या काठावरून मागे ओढलेस ते मी विसरलेले नाही. आता मी तुला पुढे ढकलते आहे.

माया कर, पण बसून करू नकोस.

सुमती


॥ श्री ॥

वर्धा,
ता. १६ फेब्रुवारी १९५५

चि. सुमतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे जंगू आठ तारखेला साडेदहाला कचेरीत आले आणि ओसरीवर गाठोडे मांडीशी घेऊन बसले. पाणी प्यायले, भाकर नको म्हणाले. मी सांगितले, गाठोडे माझ्यापाशी द्या आणि दुपारच्या मोटारीने परत जा, मी साहेबांना दाखवीन. ते हलले नाहीत. म्हणाले, "तुमी पाहून काय होते, बाबू? साहेबानं पाह्यली पाहिजे. कोनी पुसून टाकली त पोरीले काय सांगू मी?" थोड्या वेळाने शिपाई फडके घेऊन टेबले पुसायला निघाला, तर ते गाठोड्यावर आडवेच झाले.

मी चार वाजेपर्यंत माझ्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होतो. मला माझी लाज वाटली, हे तुला लिहून देतो. मग मी आवकेची वही काढली. कचेरीत जे येते त्याला मी क्रमांक देतो, आणि एकदा क्रमांक पडला की साहेबांच्या लेखी शेऱ्याशिवाय त्या कागदाला कोणी हात लावू शकत नाही. नियमात 'कागद' असा शब्दच नाही, 'जे येईल ते' असे आहे. मी तेरा पाट्यांना तेरा क्रमांक दिले, ४१२ ते ४२४. चिठ्ठ्या डिंकाने चौकटींना चिकटवल्या, पाट्या साहेबांच्या टेबलावर नेऊन मांडल्या. टेबल भरले. विमलाने आता मला सांगून टाकले आहे, तसे खणात मावेना.

साहेबांनी विचारले, हा वेडेपणा कोणाचा? मी म्हटले, माझा, आणि या शाळेची बाई माझी सख्खी बहीण आहे, तेही फाइलीवर लिहिले आहे. ते खूप बोलले. मग दाराशी उभ्या असलेल्या जंगूंकडे त्यांचे लक्ष गेले आणि ते खाली बसले. एक पाटी ओढली, दुसरी ओढली. आठव्या गणिताला थैल्यांच्या वजनात ते स्वतःच अडले. कागद घेऊन त्यांनी ते सोडवले आणि जिजाच्या पाटीशी ताडून बघितले. जमले. एकशे तीस गणितांपैकी एकशे एक बरोबर निघाली.

काल हुकूम निघाला. टेंभरडोहची चौथी जशी आहे तशी चालू राहील. छापील यादी नागपूरला गेली आहे, ती बदलणार नाही. तिच्यात तू एकेचाळिसावीच. मला लेखी जाब विचारला आहे आणि बहुधा सेलूकडे बदली होईल. विमलाने बांधाबांध सुरू केली आहे आणि गुणगुणते आहे. बऱ्याच वर्षांनी ऐकले.

हुकूम निघेपर्यंत जंगू इथेच थांबले; पाट्या साहेबांच्या शेऱ्यासह त्यांच्याच हाती परत पाठवल्या आहेत. मला तुझा भाऊ म्हणवून घ्यायला आज बरे वाटते.

नरहर


॥ श्री ॥

टेंभरडोह,
ता. २० फेब्रुवारी १९५५

ती. दादास सुमतीचे साष्टांग नमस्कार. या खेपेला मान ताठ नाही, खरोखर वाकून. वि. वि.

पाट्या पोचल्या. एकही फुटली नाही आणि एकही अक्षर पुसले गेले नाही. सेलूला गेलास तर तिथल्या कचेरीतही आवकेची वही असेलच, तेव्हा मला काळजी नाही.

यादी मी मागवून घेतली आणि शाळेच्या भिंतीवर लावली. हरिभाऊ गुरुजी म्हणाले, शेवटचा नंबर कशाला टांगता? मी म्हटले, टांगणारच. मुलांना एकोणतीस म्हणजे काय ते आता कळते, आणि तो आकडा कशाने आला हेही कळते. पुढच्या परीक्षेत त्यांची उत्तरे कागदावर उतरलेली असतील. रोज दोन गणिते मी त्यांना जुन्या पाकिटांच्या मागे लिहायला लावते आहे. तुझी पत्रे मात्र जपून ठेवली आहेत.

पाट्या वाटल्या आणि म्हटले, पुसा आता, नवा धडा घ्यायचा आहे. बारा जणांनी पुसल्या. जिजा पाटी छातीशी धरून बसली. तुझी ४१९ ची चिठ्ठी अजून चौकटीला होती. मी म्हटले, जिजा, काऊन गं? तिने विचारले, "बाई, साहेबानं पाह्यली काय?"

मी सांगितले, बसून पाहिली, आठवे गणित तर दोनदा.

तिने एकदा दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे बघितले. जंगूंनी मान हलवली. मग तिने थुंकी लावली आणि पाटी पुसली.

तुझी
सुमती