एकाच नवरीचं चारदा लगीन

चि. गोरख यास,
अर्धा आशीर्वाद. उरलेला तुझी वागणूक बघून देईन. फोन कापतोस, म्हणून कागदावर लिहिते.

हितं प्रागला तुझ्या धाकट्या भावाकडं, हनुमंताकडं मी बरी आहे. थंडीनं गुडघं तेवढं धरलेत. म्हैस व्याली का?

खालच्या मजल्यावर हेलेना नावाची म्हातारी राहते. तरणेपणी पाच बायांचा रॉक बँड होता, त्यात ही ड्रम बडवायची. धाकट्या सूनबाईनं मला समदं मराठीत सांगितलं. तवाच्या सरकारनं त्यांना वाजवायची बंदी केली. लग्नात वाजवायला मात्र परवाना लागत नव्हता. मग ह्या बाया खेड्यातल्या गोठ्यात लगीन मांडून वाजवायच्या. एकाच नवरीचं चारदा लगीन लावलं! पाचव्यांदा पोलीस आले. चुगली तिच्या सख्ख्या भावानं केली होती. ती त्याच्या मयतालाबी गेली न्हाई.

तू तर बाप आहेस. तुझ्या सारिकानं आपल्या गावातल्या पोरींना ढोल शिकवला, अन् तू जत्रेच्या बैठकीत उठून म्हणालास, पालखीपुढं पोरी नकोत. वर त्यांचे ढोल वैरणीच्या खोलीत कोंडलेस. ओलीनं कातडं सैल पडतं, एवढंबी कळत न्हाई व्हय रं? आजच उन्हात काढ.

जत्रेआधी मी येते. पालखीपुढं नको ना? मग तुझं अन् मंगलचं लगीनच परत लावते. मुंडावळ्या बांधून मुकाट घोड्यावर बसायचं. वरातीपुढं पोरीच वाजवतील.

मंगलला म्हणावं, शालू काढून ठेव.

तुला जन्म देऊन पस्तावलेली,
तुझी आई ठकुबाई