म्हातारीच्या खाटल्याचा फोटो

मी, कांताबाई, मयत लटारू नागापुरे यांची पत्नी, राहणार मौजा बोरघाट, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली, धंदा मासेमारी, वय आधार कार्डाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर आणि गुडघ्यांप्रमाणे शंभर, आज पूर्ण शुद्धीत असताना, कोणी धाक घातलेला नसताना आणि कोणी चहा पाजून भुलवलेले नसताना हे लिहवून ठेवते. चहा झाला आहे, पण तो रोजचाच.

मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि आमच्या शाळेचे जुने मास्तर गुणवंतराव लिहितात. त्यांनी माझी भाषा पुसून स्वच्छ करावी, पण गोष्ट पुसू नये, असे ठरले आहे.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पुढची छपरी आणि मागची परसबाग, हे सगळे थोरला मुलगा शालिकराम याला. छपरीचा डावा खांब वाळवीने खाल्ला आहे. मी चार वर्षे सांगत आहे. आता कागदावर आले, तर कदाचित त्याच्या कानात जाईल.

कलम २. नदीवरचा डोंगाही शालिकरामचा. माझ्या नवऱ्याचे फेकजाळे मात्र सून साधना हिला. ती माझ्यापेक्षा चांगले जाळे विणते. हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही, आणि आताही म्हणत नाही, लिहून देते.

कलम ३. शेजारी झाडू याने चोरांच्या भीतीने अंगणात मोठा हॅलोजन लावला आहे. त्याच्या घरातून चोराने काय न्यावे, हे मला अजून समजलेले नाही. त्या दिव्याने नदीच्या रेतीपर्यंतचे आभाळ पांढरे पडते. माझा धाकटा अतुल त्याला म्हणाला होता, "झाडूभाऊ, दोन घंटे बंद ठेव ना. तारे दिसून नाई राह्यले." झाडू म्हणाला, "काऊन, तारे कधी पाह्यले नाई का तू?" त्या दिवसापासून माझे त्याच्याशी बोलणे नाही. माझा लाल कोंबडा झाडूला द्यावा. बदल्यात त्याने अवसेच्या रात्री दोन तास दिवा बंद ठेवावा. कबूल नसेल, तर कोंबडा घरीच शिजवावा.

कलम ४. दुर्बीण एक, निळी, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. तिपाई एक. जुना कॅमेरा एक. या वस्तू अतुलच्या. त्या कोणाला, हे पुढे येईल. आधी त्या घरात कशा आल्या ते लिहा.

गुणवंतराव म्हणतात, मृत्युपत्रात एवढे येत नाही. मी विचारले, मृत्यू तुमचा आहे का माझा? ते लिहीत आहेत.

अतुल घुग्घुसला कोळसा खाणीत शिफ्टवर होता. तिथे रात्री धूळ आणि दिवे, आभाळ म्हणून काही नाही. आठवड्याच्या सुट्टीला तो मोटारसायकलने घरी यायचा आणि जेवण झाले की रेतीवर जाऊन उताणा पडायचा. मग एकदा ही दुर्बीण घेऊन आला. पुढे वरोऱ्याच्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून त्याने हा कॅमेरा घेतला.

पहिल्या दिवशी त्याने उजेडातच दुर्बीण मार्कंड्याच्या देवळाच्या शिखरावर लावली. वरची छोटी नळी आणि खालची मोठी नळी एकाच जागी पाहतात की नाही, हे दिवसा जुळवावे लागते, रात्री जमत नाही. मी डोळा लावला तर देऊळ उलटे. मी म्हटले, "एवढे पैसे देऊन देव पालथा केला का रे?" तो म्हणाला, "माय, ताऱ्याले खालवर नसते." त्याचा पहिला फोटो चंद्राचा होता, मोबाईल दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून काढलेला. त्यात चंद्राचा तुकडा आला आणि अतुलचा अंगठा पूर्ण आला.

शालिकरामची मुलगी पायल तेव्हा तेरा वर्षांची. काका जाईल तिथे ती. दोघांनी मिळून शिकून घेतले, मी शेकोटीजवळ बसून पाहिले. आधी मोठा तारा धरायचा आणि काच फिरवत राहायची, तो मोहरीपेक्षा बारीक होईपर्यंत. मग बटन दाबून हात काढून घ्यायचा, कॅमेरा दोन सेकंद थांबून आपोआप उघडतो, म्हणजे हाताचा हादरा त्याला लागत नाही. दहा मोजेपर्यंत उघडा ठेवायचा. जास्त ठेवला की ठिपक्याची रेघ होते, कारण आभाळ सरकत असते. असे शंभर फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. जाळ्याच्या एका फेकीत कोणाची टोपली भरते?

नदीचे दव काचेवर बसायचे. मी पुसायला गेले की अतुल म्हणायचा, "माय, पदर नको लावू." काचेबद्दल तो बोलला होता. दुर्बिणीच्या आतल्या आरशाबद्दल बोलला नव्हता. हे मी सफाई म्हणून सांगत नाही.

उन्हाळ्यात उत्तरेला सात तारे दिसतात, त्यांना आम्ही म्हातारीचे खाटले म्हणतो. चार तारे खाटल्याचे पाय, मागचे तीन चोर. चोर पाय न्यायला टपलेले असतात, म्हणून म्हातारी झोपत नाही. अतुल म्हणाला होता, "माय, उन्हाळा लागू दे, तुह्या खाटल्याचा फोटो काढून देतो." हे दिवाळीच्या आधीचे बोलणे.

कलम ५. या कलमासाठी बाकीची कलमे आहेत.

दुर्बिणीच्या बुडाशी बशीएवढा आरसा असतो. सगळा उजेड तोच गोळा करतो. त्या दिवाळीच्या आधी त्यावर धूळ आली होती. अतुलने पायलला फोनवर सांगितले, स्क्रू काढून आरसा बाहेर घे, नुसती फुंकर मार, फडक्यात बांधून ठेव, मी आल्यावर बसवतो. तिने तसेच केले. फक्त एकदा कापूस फिरवला.

दुसऱ्या दिवशी मी घर आवरायला काढले. पाण्याचे गुंड, लोटे, ताटल्या, जे हाती लागेल ते राखेने घासत होते. फडक्यातला आरसा सापडला. मला तो मळका वाटला. चुलीतली राख घेतली, नारळाची शेंडी घेतली आणि पितळ घासतात तसा जोर लावून घासला. अतुलची वस्तू चकचकीत करून ठेवावी, एवढेच मनात होते. धुतला, पुसला आणि त्याच फडक्यात बांधून होता तिथे ठेवला.

अतुल आला. त्याने फडके सोडले आणि आरसा उजेडात धरला. त्याची कलई गेली होती, सगळीकडे ओरखडे. त्याने विचारले, "कोण हात लावला याले?" पायल म्हणाली, "मी. कापूस फिरवला थोडासा." तो तिला कधी रागावला नव्हता. त्या दिवशी म्हणाला, "तुले सांगतलं होतं ना नुसती फुंकर मार म्हणून? आता हात नको लावू याले."

मी चार हातांवर मासे साफ करत बसले होते. माझ्या हाताला राखच होती. मी बोलले नाही. वाटले, त्याचा राग उतरू दे, संध्याकाळी सांगेन. संध्याकाळी वाटले, भाऊबीज होऊ दे. तिसऱ्या दिवशी पहाटे तो ड्यूटीवर निघाला. घुग्घुसच्या रस्त्यावर धुके होते आणि एक ट्रक दिवे न लावता उभा होता.

त्याला घरी आणले, तेव्हाही मी बोलले नाही. तेव्हा तर कोणत्या तोंडाने बोलणार? काकाचा शेवटचा शब्द पायलने हुकूम म्हणून धरला. या गोष्टीला सहा वर्षे झाली. तिने दुर्बिणीला, तिपाईला, कॅमेऱ्याला बोट लावलेले नाही. रात्री अंगणात निघाली तर मान खाली घालून जाते. आणि मी म्हातारी झोपत नाही, ते चोरांसाठी नाही.

म्हणून मी शपथेवर सांगते की आरसा मी नासवला. पायलने काही केले नाही. कापसाने कलई जात नाही.

कलम ६. दुर्बीण, तिपाई, कॅमेरा आणि कॅमेऱ्यातले अतुलचे फोटो पायलला. आरशाला पितळेच्या भांड्यासारखी नवी कलई करून मिळते, मोठ्या शहरात ते करणारे असतात, हे अतुलच बोलला होता. पोस्टाच्या पुस्तकात जे असेल ते त्यासाठी खर्च करावे. शालिकरामने तोंड वाकडे करू नये.

कलम ७. मी गेल्यावर भिंतीवर माझा फोटो लावू नये. एकच आहे, आधार कार्डावरचा, आणि त्यात मी पकडलेल्या चोरासारखी दिसते. त्या जागी पायलने काढलेला खाटल्याचा फोटो लावावा. त्याला दुर्बीण लागत नाही, आरसाही लागत नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवायचा आणि दहा मोजायचे.

कलम ८. अंगठा करणाऱ्याला कागद वाचून दाखवावा लागतो. गुणवंतराव म्हणाले, मी वाचतो. मी म्हटले, तुम्ही लिहिले, तुम्हीच वाचाल, तर माझी खात्री कशी व्हायची? पायलला बोलवा. ते म्हणाले, "बाई, पक्कं ना?" मी म्हटले, "पक्कं नाई. बोलवा."

वाचनाची नोंद, मी सांगते तशीच. पायलने कलम एकपासून मोठ्याने वाचले. कोंबड्यापाशी हसली. कलम पाच तिने अर्धेच मोठ्याने वाचले. पुढचे तिने मनात वाचले. साक्षीदार बसले होते. मग ती म्हणाली, "राखेनं, आजी?"

मी म्हटले, "हो."

"काऊन नाई सांगतलं काकाले?"

हा प्रश्नही कागदात लिहा, असे मी गुणवंतरावांना सांगितले.

मग तिने सहावे आणि सातवे कलम मोठ्याने वाचले. एकही शब्द गाळला नाही. तिने मला माफ केले असे यात लिहू नये. ती तसे बोललेली नाही. कागदात खोटे नको.

हे सर्व मी ऐकले, समजले, आणि माझेच आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, कांताबाई लटारू नागापुरे.
ठसा पायल शालिकराम नागापुरे हिने धरून घेतला. अंगठ्याला चुलीची राख होती, ती तिने आधी फुंकर मारून काढली.

साक्षीदार:
१. बुधू मडावी, राहणार बोरघाट टोला (सही)
२. स्वाती गेडाम, आशा कार्यकर्ती, बोरघाट (सही)

लेखन: गुणवंतराव, निवृत्त शिक्षक (सही)

ठिकाण: मौजा बोरघाट
दिनांक: ११ जानेवारी २०२६