ढिला दात आणि बारावा सामना

ती. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकायची हल्ली भीती वाटते, का ते पुढे येईलच.) तुमचा दवाखाना जोरात चालला असेल, म्हणजे लोकांचे दात दुखत असतील, तेव्हा आनंद मानावा की दुःख ते कळत नाही. मामीचा गुडघा कसा आहे? माझे दोन्ही धडधाकट आहेत, पण सलग अकरा सामन्यांत एक गोल होईल तर शपथ!

शेवटी प्रशिक्षकांनी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्यांदेखत सुनावलं, की रविवारी गोल झाला नाही तर करार संपला, सामान आवर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुम्ही माझा पुढचा दात तात्पुरता चिकटवून बजावलंत, की आठ दिवस तोंड उघडून ओरडायचं नाही. अहो मामा, तुमच्याकडे येणारा माणूस आपणहून आ करतो, पण आघाडीला खेळणाऱ्याने "दे, दे!" म्हणून बोंबलल्याशिवाय त्याला चेंडू देतो कोण? तरी तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून ऐंशी मिनिटं मी ओठ मिटून, नुसते हातवारे करत पळत होतो. उजवीकडून खेळणाऱ्या आमच्या घाईला (सगळे त्याला घाईच म्हणतात) वाटलं, मी प्रेक्षकांतल्या कुणाला तरी ओळख देतोय. तोही बिचारा तिकडे बघून हात हलवायला लागला!

मग मात्र राहवेना. करार गेल्यावर नुसता दात घेऊन काय चाटायचाय? गोलपुढे मोकळा सापडलो, तसा जीव खाऊन ओरडलो, "दे रे!" घाईने चेंडू मारला आणि इकडे तोंडातून दात सुटला. (इतका सरळ फटका मी पायाने कधी मारलेला नाही हो.) दात शोधायला गवतात वाकलो, गोलरक्षकही याचं काय हरवलं म्हणून बघायला लागला, तेवढ्यात चेंडू फाडकन माझ्या टाळक्यावर बसला आणि थेट जाळ्यात! मामा, मी रडलो. अकरा सामने आईचा फोन उचलायची लाज वाटत होती. पोरं अंगावर पडली आणि त्या ढिगाखाली मी रडतोय, हसतोय आणि गवत चाचपतोय.

करार वर्षभर वाढला. वाकणं हा माझा डावच होता, अशी प्रशिक्षकांची खात्री आहे. रोज सकाळी सगळा संघ ओळीने वाकून उभा राहतो आणि मी शिकवतो. काय शिकवतो, देव जाणे.

तुमचा बोळका भाचा

ता. क. शनिवारी नवा दात बसवायला येतो. पण मामा, ऐका ना, घट्ट नको. मागच्यासारखाच ढिला बसवा आणि दोन-तीन जास्तीचे करून ठेवा. अजून चौदा सामने आहेत.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तोच त्या गोलरक्षकाकडून एक डबी आली. आत माझा दात आणि चिठ्ठी: "तुमच्या डॉक्टरांचा पत्ता कळवा, आमच्या आघाडीवाल्यालाही पाठवायचंय." रागावू नका हं मामा, मी लगेच कळवून टाकलं, की आमचे डॉक्टर परवाच वारले.