खांद्यावरचा हात

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नका. समोर बसून बोलले असते तर तुम्ही पाणी प्यायला उठला असता आणि मी उगाच भांडी आपटली असती.

कालच्या भेटीचं काय झालं, हे तुम्ही सकाळपासून न विचारता विचारताय. काही झालं नाही. लग्न जुळवायच्या अ‍ॅपवर महिनाभर गोड गोड बोलणारा तो इंजिनिअर समोर आल्यावर फक्त स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलला. त्याच्या आधीचा तर कॉफी संपायच्या आत गायब झाला होता. वैताग आलाय बाबा. दिवसभर स्टुडिओत लोकांच्या फोटोंमधून त्यांची जुनी प्रेमं पुसायची आणि संध्याकाळी असल्याच एखाद्या कापलेल्या फोटोवर विश्वास ठेवून नटून निघायचं! वर तुमचं आहेच, कधी मार्गी लागणार म्हणून.

एक बरा होता. आपल्या मांजरीला इंजेक्शन देताना तिचीच माफी मागणारा तो पशुवैद्य. त्याची बदली झाली, सोबत चल म्हणाला, मी नाही म्हटलं. आई गेल्यानंतर तुम्ही ओट्यापाशी उभ्यानेच कच्ची भाजी खायचात, ते डोळ्यांसमोर आलं. तो अजूनही मेसेज करून मांजरीची चौकशी करतो. मीही मांजरीबद्दलच सांगते.

काल घरी आल्यावर त्या गुडघेवाल्याच्या रागात मी अ‍ॅपवरची वयाची मर्यादा थेट साठच्या पुढे नेली. म्हटलं, बघू तरी म्हातारे काय दिवे लावतात. पहिलाच चेहरा तुमचा! डोकंच फिरलं माझं. मला रोज टोमणे आणि स्वतःचं हे गुपचूप? मग खालचं वाचलं. शिलाई मशीन दुरुस्त करतो, स्वयंपाक येत नाही पण शिकायची तयारी आहे, मुलगी मार्गी लागेपर्यंत घाई नाही. ते वाचून आधी तुमचा आणखी राग आला, मग रडू आलं. मी तुमच्यासाठी थांबलेय आणि तुम्ही माझ्यासाठी. काय म्हणावं आपल्याला?

तर पत्र लिहिलं ते यासाठी. तुम्हाला कुणी उत्तर देत नसेल, तर त्याचं कारण तुमचं वय नाही. दादाच्या लग्नातला तो फोटो तुम्ही कापलात, पण तुमच्या खांद्यावर माझी लाल नखांची बोटं तशीच राहिलीत. कोणती शहाणी बाई असल्या माणसाशी बोलेल? तो हात मी पुसलाय. नवा फोटो तुमच्या फोनवर पाठवलाय. तो लावा, कोणत्या वयाची बायको हवी ती रिकामी सोडलेली अट भरा, म्हणजे पुन्हा मलाच दिसणार नाही, आणि ती घाई नसल्याची ओळ आजच काढून टाका. पशुवैद्याला मी फोन केलाय. रविवारी जेवायला येतोय. भाजी तुम्ही करायची, आणि या वेळी शिजवायची.

तुमचीच,
त्या हाताची मालकीण