ईश्वरीचा डावा पाय

१२ जानेवारी, रविवार

तलवारी आल्या. खऱ्या, लोखंडी, फक्त धार नाही. जमिनीवर फुलीसारख्या ठेवायच्या आणि त्यांच्या चार खणांत चवड्यांवर उड्या मारायच्या — हा म्हणे स्कॉटलंडचा नाच. महिनाअखेरीला त्या लोकांचा वारसा महोत्सव आहे, त्यात आमची ईश्वरी एकटी नाचणार. पात्याला पाय लागला की खलास.

दसऱ्याला आपण शस्त्राला हळदकुंकू वाहतो, एवढंच मी म्हटलं. तर, "आई, इट्स नॉट दॅट डीप." तेरा वर्षांची आहे. माझं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच.

१७ जानेवारी, शुक्रवार

तिला सोडायला गेले, थांबून शिकवणी बघितली. मिस कर्स्टीने आधी हॉलच्या फरशीवर लाकडी फळ्या अंथरल्या, म्हणे पायांना हादरे बसू नयेत, मग मुलींना उभं केलं. मडमेचे चोचले! मी अकरा वर्षं इथे आखातात, मुऐदरच्या या घरात, दिवाणखान्यातल्या फरशीवर भरतनाट्यम शिकवतेय. सोफा भिंतीला, पंधरा मुली रांगेत. कुणाचं काही बिघडलं नाही.

ईश्वरीही त्या रांगेत होती, दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग 'पाय दुखतो' सुरू झालं. रोजचंच. नाच शिकवणारीची मुलगी आणि ही कामचुकार! सगळ्या मुलींसमोर मी म्हटलं होतं, नाचता येईना अंगण वाकडं. त्या दिवशी तिने घुंगरू सोडले ते पुन्हा बांधलेच नाहीत. आता मिससाठी तीन-तीन तास उड्या मारते, तेव्हा नाही दुखत पाय.

हेवा वाटतो मला. वाटतो तर वाटतो, इथे कोण वाचतंय.

२१ जानेवारी, मंगळवार

जिना उतरताना कठडा धरून दर पायरीवर डावा पाय आधी टाकते. पंचवीस वर्षं मी लोकांचे पायच बघतेय. नडगी दुखतेय तिची.

विचारलं. "फाइन."

२४ जानेवारी, शुक्रवार

संजीवला म्हटलं, महोत्सव राहू दे, आधी डॉक्टरकडे नेऊ. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "शैलजा, हे तू आई म्हणून बोलतेयस की ताई म्हणून?" क्लासच्या मुली मला ताई म्हणतात.

आता थांबवलं तर ईश्वरी म्हणणार, तुझं सोडलं म्हणून दुसऱ्याचंही शिकू देत नाहीस. आणि ते खोटं आहे असं मी तरी छातीठोकपणे कुठे सांगू शकतेय?

एकच आठवडा उरलाय. होऊन जाऊ दे.

२८ जानेवारी, मंगळवार

फ्रीझरमधलं मटारचं पाकीट मऊ पडलेलं, बाहेरून ओलं. तिच्या खोलीतून परत आलंय. मी तसंच आत सारलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळपासून बॅगपाइप, ढोल, चौकड्यांच्या घागऱ्यांतले धिप्पाड पुरुष. लोक सतरंज्या टाकून इथला दाट, वेलचीचा करक चहा पीत बसलेले. चारला ईश्वरी मंचावर आली.

सुंदर नाचली. डोक्यावर हात, मान ताठ, पाऊल पिसासारखं. मी कधीच इतकी हलकी नव्हते. मग लय वाढली, लोक टाळ्या वाजवू लागले, आणि डावा पाय खाली आला तो उचललाच गेला नाही. तलवार खणखणत मंचाच्या कडेला गेली. ती खाली बसली. पाइपवाल्याला दिसलं नाही, तो वाजवतच राहिला.

बसल्या बसल्या तिने हात लांब करून तलवारीला लावला आणि मग कपाळाला. पाय लागला म्हणून! एवढ्या दुखण्यात. मी मंचाकडे पळत होते आणि पळता पळता सुखावले, की माझं काहीतरी तिच्यात उरलंय. स्वतःची लाज वाटली.

मिस कर्स्टी रडवेली झाली होती. म्हणाली, ही मला कधीच बोलली नाही. मी म्हटलं, मलाही नाही. आणि तो जिना, ते मटार?

२ फेब्रुवारी, रविवार

एक्स-रे. डाव्या नडगीला बारीक चीर. डॉक्टरांनी पेनाने थोडं वर आणखी एक जागा दाखवली — तिथलं हाड जाड झालेलं. जुनी चीर, आपोआप भरून आलेली. "दोनेक वर्षांपूर्वीची असावी. तेव्हा काय झालं होतं?"

ईश्वरी माझ्याकडे न बघता म्हणाली, सायकलवरून पडले होते.

आमच्या घरात सायकल कधीच नव्हती.