चीनचे सण बंद नाहीत

पारनेर, १९ जानेवारी

ती. अंबिकाआत्यास निवेदिताचा नमस्कार.

राजूरला थंडी कशी आहे, आणि तुझे गुडघे? (डाव्याचं आधी लिही; उजव्याची तक्रार मला पाठ आहे.) इकडे क्षेम म्हणावं असं फार काही नाही. पहाटे आठ अंश असतं आणि बाबांचं वजन दिवाळीपासून साडेतीन किलोंनी उतरलं आहे. दोन्ही आकडे मी स्वतः घेतले आहेत.

परवा फोनवर तू विचारलंस की वहिनीला जाऊन वर्षही झालं नाही आणि तुम्ही बापलेक रोषणाई बघत कसे फिरता. मी "लिहून कळवते" म्हणून फोन ठेवला, तो उद्धटपणाने नव्हे. बाबा समोर बसले होते.

आधी तुला माहीत नसलेली एक गोष्ट. मला तिकडे दूर होसूरच्या एका कारखान्यात नोकरी मिळाली आहे. होकार ३१ तारखेपर्यंत द्यायचा आहे. बाबांना सांगितलेलं नाही, कुणालाच सांगितलेलं नाही. (नेमणुकीचं पत्र फक्त एकदा छापून घेतलं, शेजारच्या झुंबरबाईंच्या जावयाच्या झेरॉक्सच्या दुकानात, आणि कागद लगेच घडी करून पिशवीत टाकला.) श्रावणात आई गेली तेव्हापासून बाबा एका शब्दात बोलतात: हो, नको, असू दे. अशा माणसाला एकटं ठेवता येतं का, हे मला ठरवायचं होतं. सुप्याच्या कारखान्यात मी विजेची पॅनेल तपासते. तिथे नियम असा आहे की नुसती टेबलावर ठेवून वस्तू पास करायची नाही, तिच्यावर भार टाकून बघायचा. घरात बसलेल्या बाबांवरून काहीच कळत नव्हतं, म्हणून त्यांना गर्दीत न्यायचं ठरवलं.

राहुरीच्या अलीकडे एका मैदानावर चिनी कंदिलांचा महोत्सव लागला आहे. जाहिरात दाखवली तेव्हा "नको" येईल असं मी धरून चालले होते. बाबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "वर्षभर आपले सण बंद. चीनचे नाहीत." श्रावणानंतरचं हे त्यांचं पहिलं दोन वाक्यांचं बोलणं. (निवृत्त मुख्याध्यापकांनी नियमाचा अर्थ लावला की त्यावर अपील नसतं, हे तू त्यांची बहीण असल्यामुळे माझ्याआधीपासून जाणतेस. तेव्हा तो दोष मला लावू नकोस.)

झुंबरबाईंना बोलावलं नव्हतं. "मला बी दावा की गं ते चिनी दिवं," म्हणत त्या दोन चादरी आणि हळदीकुंकवाचा करंडा घेऊन मागच्या सीटवर येऊन बसल्या. अंतर पंचाहत्तर किलोमीटर. बाबा बोर्डाच्या परीक्षेला केंद्रावर निघायचे त्याच हिशेबाने निघाले, त्यामुळे नगरच्या पुढे उसाच्या अकरा ट्रॉल्यांमागे अडकूनही आम्ही तीन वाजून दहा मिनिटांनी मैदानावर होतो. दिवे साडेसहाला लागणार होते.

दिवसाउजेडी कंदिलात बघण्यासारखं काही नसतं. तार, विटकं कापड आणि आत लोंबणारी वायर. रस्त्याच्या धुळीने एक पांडा सगळाच करडा झाला होता. झुंबरबाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ह्यो रेडा व्हय गं?"

"अस्वल आहे, मावशी. चीनचं."

"मग दरवेशी कुठं गेला?"

बाबांनी मैदानातले सगळे बावीस फलक वाचले, कानटोपी ओढून घेतली आणि गाडीत जाऊन बसले. तिथे तीन तास बसून राहिले. मी मनाशी 'नापास' अशी नोंद केली आणि होसूरला नकार कोणत्या शब्दांत कळवावा याचा विचार करत गारठ्यात उभी राहिले.

साडेसहाला दिवे लागले. ड्रॅगनचे चौदा भाग होते, त्यातले तोंडाकडचे सात उजळले आणि शेपटाकडचे सात तसेच अंधारात राहिले. लोकांची काही तक्रार नव्हती, ते उजळलेल्या अर्ध्यासोबत सेल्फी काढत होते. झुंबरबाईंनी "नागोबाच की ह्यो," म्हणून त्याच्या पुढच्या पायाला हळदकुंकू वाहिलं. तिथले वायरमन आसाराम मला म्हणाले, "शेपूट आजून झोपलंय मॅडम. चायनाचं हाय, उशिरा उठतंय." मी गप्प बसायला हवं होतं. मी शिडी मागितली. आसारामांची कंबर धरली होती, ते खुशीने बाजूला झाले.

शिडीला हात लावते तोवर बाबा गाडीतून उतरून आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि उजवा पाय खालच्या पायरीवर रोवला. तू हे पाहिलं आहेस. दर दिवाळीला आई वर आकाशकंदील टांगायची आणि बाबा खाली असेच उभे असायचे.

आठव्या भागापाशी जोडणीचा स्क्रू सैल होता. वीज बंद करायला लावून मी तो दीड फेरा आवळला. वीज परत आली आणि शेपूट उजळलं. खालून बाबा म्हणाले, "डावीकडे कललाय."

कंदील कसाही लागला तरी ते दर वर्षी हेच म्हणायचे, आणि आई वरून म्हणायची, "मग तुम्हीच चढा." ते वर बघत थांबले. मी नीट बघितलं आणि म्हणाले, "एक अंशापेक्षा कमी आहे."

उत्तर बरोबर होतं. बाबांनी शिडी सोडली नाही, पण मान खाली घातली. त्याच वेळी झुंबरबाईंनी फोटो काढला, तोच तुझ्यापर्यंत पोचला. तो पुन्हा बघ. त्यात रोषणाई बघणारं आमच्यातलं कुणीच नाही.

येताना झुंबरबाई झोपल्या. नगरला मी चहाचं विचारलं. "नको." घरापर्यंत एवढंच.

तेव्हा निष्कर्ष असा की बाबांना एकटं ठेवता येत नाही. होसूरला नकार कळवते. तुला हवा होता तो खुलासा एवढाच.

तुझी,
निवेदिता

ता. क. : नकार अजून पाठवलेला नाही. तू श्रावणापर्यंत, म्हणजे आईचं वर्षश्राद्ध होईपर्यंत, पारनेरला येऊन राहशील का? काम फार नाही. बाबा "डावीकडे कललाय" म्हणाले की लगेच उलट बोलायचं. मला ते जमलं नाही. तुला जमेल.

ता. क. २ : पाकीट चिकटवायला बाबांकडे दिलं होतं. त्यांनी आधी पत्र वाचलं. होसूरचं त्यांना तीन आठवड्यांपासून माहीत आहे. (झुंबरबाईंच्या जावयाने एक प्रत जास्तीची काढली होती. ती घेऊन झुंबरबाई बाबांकडे पेढे मागायला आल्या होत्या.) पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं आहे, ते तसंच ठेवते:

"अंबिका, पोर जाईल. तू ये. यंदा दिवाळीला कंदील लावायचा आहे. शिडी मी धरतो, चढणारं कुणीतरी हवं. — शामकांत"

ता. क. ३ : गुडघ्यांचं ३१ तारखेच्या आत कळव.