मदतकक्षातून घरी फोन आला तर

ती. आईस नमस्कार,

‘तुमच्या मुलीनं जेवण सोडलंय’ असा वसतिगृहाच्या मदतकक्षातून फोन आला तर घाबरू नकोस. मी दोन्ही वेळा जेवते. जेवण सोडलंय ते माझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं. नापास झाल्यापासून ती अंथरुणातून उठतच नाही.

मदतकक्षातल्या बाईंना मी हे सांगितलं, तर म्हणाल्या, “जिला त्रास आहे तिनंच यायचं.”

“तिला उठवत नाही, हाच तर त्रास आहे.”

“मग जरा बरी झाली की पाठव.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीवर ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ अशी पाटी, आणि यांना एक जिना चढवत नाही! बंद पडलेलं यंत्र दुरुस्तीसाठी स्वतः चालत येत नाही, एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. शेवटी मी माझ्याच नावावर तिथल्या समुपदेशक बाईंची वेळ घेतली आणि त्यांना थेट खोलीवर आणलं. म्हणून फोन आला तर तो तुला येईल.

त्या तिच्याजवळ बराच वेळ बसल्या. संध्याकाळी ती थोडा वरणभात जेवली.

निघताना त्यांनी मलाही विचारलं, “आणि तू कशी आहेस?” मी “ठीक” म्हणाले. त्यावर खुर्ची ओढून त्या पुन्हा बसल्या. हे बाबांना सांगू नकोस. त्यांचा गुडघा कसा आहे?

तुझी,
धाकटी